१९१६ला फोन लावण्याआधी आणि लागल्यानंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की नालेसफाईचा वाद सुरू होतो. किती टन गाळ निघाला, वजनकाट्याच्या पावत्या खऱ्या की खोट्या, यावर पानेच्या पाने भरतात. भरावीतच. पण पाणी दारात आल्यावर लोक जो फोन लावतात, त्याच्या पलीकडे काय तयारी असावी आणि अलीकडून काय बोलावे, यावर दोन ओळीही वाचायला मिळत नाहीत. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

१९१६ हा मुंबई महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाचा क्रमांक. रस्ते, कचरा, पाणी अशा रोजच्या नागरी तक्रारीही त्यावरच नोंदवतात. मुसळधार पाऊस लागला की अशा क्रमांकावर दोन जातींचे फोन येऊ लागतात. एक बचावाचा: भिंत कोसळली, आई तळमजल्यावर अडकली आहे, दिव्याच्या खांबाला हात लावला तर झिणझिण्या येतात. दुसरा माहितीचा: लोकल चालू आहे का, दादरच्या हिंदमाता चौकात पाणी आहे का, भरती किती वाजता, उद्या शाळा आहे का. या दुसऱ्या फोनला कमी लेखण्याची चूक बरेच जण करतात. ज्याला बारा वाजता खरी माहिती मिळाली तो ऑफिसातच थांबतो, आणि त्याचा चार वाजताचा बचावाचा फोन येतच नाही. अडचण एवढीच की दोन्ही फोन एका रांगेत उभे राहतात.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. एक फोन तीन मिनिटांचा धरला तर एक कर्मचारी तासाला २० फोन घेतो, तेही मध्ये पाण्याचा घोट न घेता. दहा जण बसले तर २००. तासाला ३०० फोन आले की शंभर जण ताटकळतात. ते गप्प बसत नाहीत, पुन्हा पुन्हा नंबर फिरवतात. म्हणून पुढच्या तासाला ३००चे ४०० होतात, आणि भिंतीखाली अडकलेल्याच्या शेजाऱ्याला ‘आपण रांगेत आहात’ ऐकावे लागते. आता यातले निम्मे फोन लोकल, शाळा आणि भरतीचे आहेत असे समजा. त्यांना रांगेतच तीस सेकंदांची ध्वनिमुद्रित माहिती मिळाली आणि ‘जिवाला धोका असेल तर एक दाबा’ एवढी एक वाट फोडून दिली, तर उरलेले १५० फोन त्याच दहा माणसांत आरामात बसतात. नवी इमारत नको, नवी नोकरभरती नको.

त्या तीस सेकंदांचे पथ्य मात्र कडक आहे. सुरुवातच वेळेने व्हावी: ‘दुपारचे अडीच वाजले आहेत.’ माहिती कुणी दिली तेही सांगावे: हवामान खात्याने, रेल्वेने की वाहतूक पोलिसांनी. आणि दर अर्ध्या तासाने ती बदलावी, काही बदलले नसले तरीही. सकाळी सातची फीत अकरा वाजता वाजली की ऐकणारा त्या क्रमांकावरचा विश्वास घालवून बसतो आणि व्हॉट्सअॅपकडे वळतो, जिथे तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरत असतो.

अमेरिकेत हा भेद क्रमांकांतच केला आहे. ९११ जीव वाचवण्यासाठी आणि २११ माहितीसाठी. २११ची सुरुवात १९९७ साली अटलांटा शहरात झाली आणि २००० साली तिथल्या दूरसंचार आयोगाने तो क्रमांक देशभरासाठी राखून ठेवला. वादळ येऊन गेल्यावर निवारा कुठे उघडला, मधुमेहाचे औषध कुठे मिळेल, घरभाड्याला मदत कोण देते, हे तिथे विचारायचे. फोन उचलणाऱ्यामागे यादी सांभाळणारी माणसे असतात. कुठली संस्था बंद पडली, कुणाची वेळ बदलली, हे तपासत राहणे हेच त्यांचे काम. आपल्याला आणखी एक क्रमांक नकोच. १००, १०१, १०८, ११२, १०७७ यांतले निम्मे आधीच कुणाच्या लक्षात राहत नाहीत. क्रमांक तोच राहू द्या, आत खिडक्या दोन करा.

हे अशक्य नाही, याचा दाखला घरचाच आहे. २०२०मध्ये करोनाच्या रुग्णांना खाटा मिळवून देण्याचे काम आधी १९१६वर होते. ते झेपेनासे झाल्यावर जूनमध्ये प्रत्येक विभाग कार्यालयात वॉर रूम सुरू झाली, प्रत्येकीचा फोन वेगळा. विभागातल्या माणसाला गल्ली माहीत असते आणि इस्पितळात कुणाला विचारायचे तेही. पावसाच्या माहितीलाही तेच लागू पडते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला पडला अवघा ७३ मिलिमीटरच्या आसपास. त्या दिवशी ‘मुंबईत पाऊस कसा आहे?’ या प्रश्नाला एक उत्तर नव्हतेच. आजही नसते.

भरतीबद्दल थोडे सविस्तर, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच. जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती, तेही ओहोटी धरून. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाने ही क्षमता दुपटीवर न्यायचे ठरवले. पण भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्यांच्या कित्येक तोंडांपेक्षा वर असते. त्या तोंडांशी बसवलेली दारे उघडी ठेवली तर समुद्रच आत येईल, म्हणून ती बंद करावी लागतात. मग शहरातले पाणी बाहेर जाते ते फक्त पंपांनी: हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथल्या उदंचन केंद्रांतून. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की सखल भाग तुंबणार हे धरून चालावे.

एवढे ठाऊक असलेला कर्मचारी ‘पाणी कधी ओसरेल?’ या प्रश्नाला ‘काम चालू आहे’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘भरती दोन वाजून दहा मिनिटांनी आहे. पाऊस असाच राहिला तर चारच्या आत पाणी हलणार नाही. मुलांना शाळेतून आत्ता आणू नका, शाळेतच थांबू द्या, शाळेला फोन करा.’ ऐकणाऱ्याला ठरवता येईल असे उत्तर ते हेच.

दुसरा गैरसमज धरणांचा. ‘तानसा भरून वाहू लागला’ अशी बातमी आली की कुर्ल्यातून घाबरे फोन सुरू होतात. तानसा, मोडकसागर ही धरणे शहापूरकडची. तिथून सुटलेले पाणी शहापूर, भिवंडी, वसईच्या नदीकाठच्या गावांना धोक्याचे असते. कुर्ल्याचा त्याच्याशी संबंध नाही. कुर्ल्याने पाहायचे ते विहार आणि पवईकडे. तुळशीचे जादा पाणी विहारमध्ये उतरते, विहारचे आणि पवईचे मिठीत. ‘तलाव भरला’ या बातमीत कुठला तलाव हे सांगितले नाही तर ती अर्धी अफवाच होते. (बातमीदार मंडळींनी हे मनावर घ्यावे, ही आगाऊ विनंती.)

आता फोन करणाऱ्याकडे येऊ. असा संवाद पावसाळ्यात नवा नाही:

‘साहेब, पाणी घुसलंय, लवकर माणसं पाठवा.’
‘कुठून बोलताय?’
‘शिवाजीनगर.’
‘कुठलं शिवाजीनगर?’
‘अहो, शिवाजीनगर! मशिदीच्या मागे.’

शिवाजीनगर, गणेशनगर, हनुमाननगर, आंबेडकरनगर या नावांच्या वस्त्या मुंबईभर विखुरल्या आहेत. घाबरलेल्या माणसाला मात्र त्याचेच एक शिवाजीनगर दिसत असते. इथे पिनकोड कामाला येतो. ४०००४३ म्हटले की गोवंडी ठरली. पिनकोड पाठ नसेल तर जवळचे स्टेशन आणि पूर्व की पश्चिम, हे आधी सांगावे. ‘अंधेरी सबवेजवळ’ हा पत्ता नव्हे. पूर्वेच्या तोंडाला की पश्चिमेच्या, यावर गाडी कुठून आणायची ते ठरते, कारण मधला रस्ता पाण्याखाली असतो. मग रस्त्याचे नाव आणि अंधारातही ओळखू येईल अशी खूण: पेट्रोल पंप, देऊळ, शाळा. ‘लाल रंगाची बिल्डिंग’ रात्री वीज गेल्यावर कुणालाच दिसत नाही. विजेच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो. तो वाचून सांगितला तर सोन्याहून पिवळे.

पण या सगळ्याच्या आधी, पहिल्याच वाक्यात, स्वतःचा फोन नंबर. शेजाऱ्याच्या फोनवरून बोलत असाल तर तसे सांगून. फोन तुटतात, बॅटऱ्या संपतात. नंबर हाती असेल तर पलीकडून परत लावता येतो. त्यानंतर ठिकाण, मग काय झाले, मग किती माणसे आणि त्यांत म्हातारे, तान्हे, अंथरुणाला खिळलेले कोण. इन्सुलिन किंवा ऑक्सिजनवर कुणी असेल तर ते न विचारता सांगावे. एवढे चाळीस सेकंदांत होते. कारणे, गाऱ्हाणी आणि नगरसेवकाची ओळख यांना नंतर वेळ आहे.

पाणी किती, हे फुटांत सांगू नये. घाबरलेला माणूस दोन फुटांचे चार करतो. घोटा, गुडघा, मांडी, कंबर हे माप सगळ्यांना कळते. त्याबरोबर एक प्रश्न फोन घेणाऱ्याने विचारलाच पाहिजे: पाण्याला ओढ आहे का? साचलेल्या गुडघाभर पाण्यातून माणूस काठी टेकत निघू शकतो. वाहते पाणी घोट्याच्या वर, १५ सेंटिमीटर असले तरी धडधाकट माणसाचा पाय सुटतो, आणि ३० सेंटिमीटरला छोटी मोटार तरंगू लागते. मोटारीत अडकलेल्याने फोन करण्याआधी काच खाली करावी. पाणी वायरिंगपर्यंत गेले की काच उतरत नाही आणि बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही. २००५ला मोटारींतच माणसे गुदमरून गेली, ती यामुळे.

उघड्या मॅनहोलचा फोन हा तक्रारीचा नव्हे, बचावाचा समजावा. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात एका डॉक्टरांचा जीव अशाच मॅनहोलमध्ये गेला. पाणी लवकर जावे म्हणून झाकण उचलणारे हात बहुधा गल्लीतलेच असतात. झाकण कुणीही उचलू नये. उचललेले दिसले तर तिथे कुणाला तरी उभे करावे, बांबू किंवा झाडाची फांदी लाल फडके बांधून खुपसावी आणि मग फोन करावा. गेल्या काही वर्षांत झाकणाखाली जाळ्या बसवल्या आहेत, पण आपल्या गल्लीतल्या मॅनहोलला जाळी आहे की नाही हे पाणी भरल्यावर समजत नाही.

लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली तर ‘दादर आणि माटुंग्याच्या मध्ये’ एवढ्याने भागत नाही. खिडकीतून दिसणाऱ्या ओव्हरहेड तारेच्या खांबावर किलोमीटर आणि खांबाचा आकडा लिहिलेला असतो. तो १३९वर सांगावा. खाली उतरू नये. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि रुळांतल्या पाण्याखालचा खड्डा दिसत नाही.

विजेच्या बाबतीत मुंबईचे त्रांगडे आहे. शहरात माहीम-शीवपर्यंत बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी, काही ठिकाणी टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. उपनगरातल्या एकाच इमारतीत दोन मजल्यांची बिले दोन कंपन्यांची असू शकतात. बिलावरचा ग्राहक क्रमांक आणि कंपनीचा २४ तासांचा फोन एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, तो बंद पडतो. मीटरच्या खोलीत पाणी शिरायला लागले की कंपनी मुद्दाम पुरवठा तोडते. तो बिघाड नव्हे, आणि पाणी उपसून पेटी कोरडी झाल्याशिवाय वीज परत येणार नाही, हे माहिती देणाऱ्याने स्पष्ट सांगावे. ‘अर्ध्या तासात येईल’ असे खोटे आश्वासन दिले तर लोक स्वतःच फ्यूज बसवायला जातात.

इमारतीचा फोन वेगळाच. प्लॅस्टर पडू लागणे, तड रुंदावत जाणे, कालपर्यंत लागणारे दार आज अडकणे, कडकड आवाज येणे, यांतले एक जरी झाले तरी आधी बाहेर पडायचे आणि बाहेर येऊन १०१ला फोन करायचा. इमारत उपकरप्राप्त म्हणजे म्हाडाच्या देखरेखीतली, पालिकेची की खासगी, याचा खल फोनवर करायचा नाही. ते नियंत्रण कक्षाने शोधावे. सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरलेल्या इमारतींची विभागवार यादी माहिती देणाऱ्यासमोर असली तर पत्ता ऐकताच त्याला गांभीर्य कळते. अग्निशमन दलाला वर्दी गेली की जवान येऊन पहिले विचारतात ते ‘आत किती?’ म्हणून सोसायटीच्या एकाने फाटकापाशी थांबून खोलीवार शिरगणती तयार ठेवावी: दुसऱ्या मजल्यावर आठ नंबर, आजोबा एकटे, मागच्या खोलीत.

माणूस हरवल्याच्या फोनकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि तो सर्वांत जास्त वेळ खातो. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. जखमी वेगवेगळ्या इस्पितळांत गेले होते. अशा रात्री नातेवाइकांची वणवण थांबवायची तर केईएम, शीव, नायर, कूपर, राजावाडी यांच्या नोंदवहीची यादी दर तासाला एका ठिकाणी यायला हवी. नाव सांगू न शकणाऱ्यांचीही, अंदाजे वय, कपडे, गोंदण, हातातला डबा किंवा पिशवी या खुणांसकट. विचारणाऱ्याकडून त्याच खुणा त्याच क्रमाने लिहून घ्याव्यात, म्हणजे ताळा जमतो. रेल्वे पासवरचे नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये असते, तेही विचारावे. आणि एक गोष्ट फोनवर कधीच सांगायची नाही. मृत्यूची बातमी ओळख पटल्यावर पोलिसांनी समोरासमोर द्यायची. फोनवर फक्त, ‘अमुक इस्पितळात या, एकटे येऊ नका.’

पाणी ओसरले की टीव्हीवरचे कॅमेरे जातात आणि माहितीच्या फोनचा खरा मोसम सुरू होतो. साचलेल्या पाण्यातून चाललेल्याने २४ ते ७२ तासांत पालिकेच्या दवाखान्यात जावे. लेप्टोचा, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, प्रतिबंधक डोस पायाला जखम होती की नाही, किती वेळ पाण्यात होता, यावरून डॉक्टर ठरवतात. गरोदर बाई आणि लहान मुले यांचे औषध वेगळे, म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. नुकसानभरपाईसाठी पंचनामा महसूल खात्याचा. शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे, जिल्हाधिकारी दोन, एक फोर्टात आणि एक वांद्र्याला. घर धुण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेली गादी, फ्रिज यांचे फोटो काढावेत. रेशनकार्ड, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती ठेवाव्यात. भाडेकरूने कराराची किंवा भाड्याच्या पावतीची. लोक चिखल काढून, सामान फेकून, घर लख्ख करून बसतात आणि मग तलाठ्याला दाखवायला काही उरत नाही. हे एक वाक्य पहिल्याच दिवशी ध्वनिफितीत गेले तर कितीतरी कुटुंबांची धावपळ वाचेल.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. सगळे एकदम बोलू लागले की टॉवर तुंबतो, आणि वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी काही तासच टिकते. कॉल लागत नसेल तेव्हा एसएमएस बऱ्याचदा जातो, कारण त्याला जागा फार थोडी लागते. नातेवाइकांना ‘सुखरूप, दादरला, शाळेत’ एवढा एसएमएस एकदा करावा, व्हिडिओ कॉल नको. बहिऱ्या-मुक्यांसाठी मजकूर पाठवण्याची सोय याच खिडकीत हवी. धारावीत तमिळ आणि गोवंडीत भोजपुरी समजणारा एक तरी माणूस पाळीत असावा. गावाहून काळजीने फोन करणाऱ्यांना चार आकडी क्रमांक लागेलच असे नाही. त्यासाठी साधा आठ आकडी लँडलाइन क्रमांक एसटीडी कोडसकट जाहीर करावा.

आता आपल्याकडे एक मागणे. आपल्या दैनिकात भरतीची वेळ रोज छापून येते, शेवटच्या पानावर, बारीक टायपात. जून ते सप्टेंबर ती चौकट पहिल्या पानावर आणावी. भरतीची वेळ आणि उंची, हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग आणि तो कुठल्या वेळेपर्यंतचा, त्या दिवशीच्या विभाग नियंत्रण कक्षांचे फोन, आणि खाली एक रिकामी ओळ: ‘आमचा पिनकोड, जवळची खूण, खांब क्रमांक.’ वाचक ती पेनाने भरेल आणि कात्रण फ्रिजवर लावेल. चौकटीचा मजकूर रोज रात्री तपासून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
आपत्कालीन दूरध्वनी सेवेचे प्रशिक्षक,
परळ, मुंबई